घेरियाची कोरीवचित्रं : किल्ला चुकीच्या बाजूला का?

घेरिया म्हणजे विजयदुर्ग. तुळाजी आंग्र्यांच्या या किल्ल्यावर इंग्रज आरमाराने केलेल्या हल्ल्याच्या छापील कोरीवचित्रांत किल्ला खाडीच्या उलट काठावर दिसतो, म्हणजे सगळं काल्पनिक, हा निष्कर्ष मला घाईचा वाटतो. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलं कागदावर उलटं उमटतं. मूळ रेखाटन आरशातल्यासारखं फिरवून न घेता कारागिराने जसंच्या तसं कोरलं, की डावं उजवीकडे जातं. विजयदुर्ग वाघोटण खाडीच्या दक्षिण तीरावर आहे. समुद्रातून बघताना तो मुखाच्या उजवीकडे यायला हवा, खाडीच्या आतून बघितला तर डावीकडे. म्हणून आधी चितारणारा कुठे उभा आहे ते ठरवा.

काल्पनिक भाग नाहीच असं मात्र नाही. डॉमिनिक सेरेसचं या लढाईचं प्रसिद्ध तैलचित्र १७७१चं, आणि लढाई फेब्रुवारी १७५६ची! पंधरा वर्षांनंतर, तेही विलायतेत बसून.

मला या चित्रांत सगळ्यात भरवशाची वाटते ती आग. इंग्रज ॲडमिरल वॉटसनच्या आरमाराचा एक गोळा आंग्र्यांच्या ताब्यातल्या जहाजावर पडला आणि शेजारी बांधून ठेवलेली गुराबं, गलबतं ही लढाऊ जहाजं एकापाठोपाठ पेटली. तुळाजींचं आरमार असं नांगरावरच जळालं. (धूर दाखवायला कोरणाऱ्याला बारीक समांतर रेषांचा डोंगर उपसावा लागतो, ती मेहनत निरखून बघाच.)

आणि पेशव्यांची फौज? ती जमिनीच्या बाजूने आली होती, पण चित्रं इंग्रज गिऱ्हाइकांसाठी. तिला कोपऱ्यात जागा मिळाली तरी खूप.