पट्टी २ ची, सीरम मात्र १ लाही धरतंय

प्रश्न: मान वाकडी करून पाय झाडत मेलेल्या डुकराच्या पिलाच्या मेंदूच्या आवरणातून स्ट्रेप्टोकॉकस सुईस हा जीवाणू वाढवला. पीसीआरमध्ये (डीएनए तपासणीत) सीरोटाइप २ ची, म्हणजे जीवाणूच्या कवचावरून ठरणाऱ्या प्रकार २ ची, पट्टी अगदी ठळक. पण सीरोटाइप १ ओळखणाऱ्या सीरमनेही (प्रतिपिंडं असलेल्या द्रवानेही) गुठळ्या! दोनदा केलं, तेच. माझंच काही चुकतंय का?

उत्तर: नाही हो, तो ‘१/२’ नावाचा सीरोटाइप असणार, तो १ आणि २ दोन्हींच्या सीरमला धरतो. साध्या पीसीआरला २ आणि १/२ वेगळे दिसतच नाहीत. सीपीएसके या कवचाच्या जनुकाचं सिक्वेन्सिंग करा, ४८३ वा बेस (डीएनएचं अक्षर) बघा: जी असेल तर २, सी किंवा टी असेल तर १/२.

प्रश्नकर्ता: एका अक्षरासाठी आठवडा घालवला! एमएलएसटीने (ठरावीक जनुकं वाचायच्या चाचणीने) कळलं असतं?

दुसरं उत्तर: त्यातली ७ जनुकं वंश सांगतात, कवच नाही. आणि टॉन्सिलचा नमुना नको, निरोगी डुकरातही हा असतोच.