अडीच वर्षांचा मुलगा रात्री उठून घरभर फिरतो, बाहेरून कडी लावावी का?

मनीषनगरची_आई

नमस्कार सगळ्यांना. थोडं लांब होईल पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

नागपुरात आमचं घर पहिल्या मजल्यावर आहे, खाली घरमालक राहतात. मोठा मुलगा अडीच वर्षांचा, आणि लहानी आता दोन महिन्यांची. लहानी रात्रीतून चार-पाच वेळा उठते, तिच्या रडण्याने मोठा जागा होतो, म्हणून महिन्याभरापासून तो सासूबाईंसोबत मधल्या बेडरूममध्ये झोपतो. झोपायला काही त्रास नाही, साडेनऊला झोपतो. पण रात्री दोन-अडीचला उठतो अन् चुपचाप दार ढकलून बाहेर निघतो. सासूबाई रात्री कानाचं मशीन काढून ठेवतात त्यामुळे त्यांना काहीच ऐकू येत नाही.

परवा रात्री मी पाणी प्यायला उठले तर हा हॉलमध्ये अंधारात बसून राहिला होता. आमचा हॉलमधला लोखंडी कूलर बाल्कनीच्या दारात ट्रॉलीवर असतो, तो चालू होता, अन् हा ताटीच्या, म्हणजे कूलरच्या बाजूच्या गवताच्या पडद्याच्या, खालच्या फटीतून टाकीत हात घालून पाण्यात छप छप करत होता. माझे हातपायच गळाले. उचलला तर कोपरापर्यंत बाही ओली, आणि हसून राहिला माझ्याकडे पाहून. तेव्हापासून मला झोपच नाही.

सासूबाईंचं म्हणणं की बाहेरून कडी लावून टाक, सकाळी काढ, मी आहे ना आत. मिस्टर पण तयार आहेत. मला कसंतरीच होतं, त्या दोघांना आत बंद करून झोपायचं म्हणजे. पण दुसरं काय करू ते सुचत नाही. आणि एसी नाही, त्या खोलीत पण खिडकीला कूलरच आहे, दार लावलं की अर्ध्या तासात सगळं चिपचिप होतं. ज्यांच्या घरी असं झालं त्यांनी प्लीज सांगा.

प्रतापनगर_२०१९

ताई कडी लावू नका. तुम्हाला जे कसंतरी होऊन राहिलं ना ते बरोबर आहे. रात्री शॉर्टसर्किट झालं, धूर झाला, किंवा आजींना चक्कर आली तर आतून कोणीच दार उघडू शकणार नाही, आणि तुम्ही लहानीला घेऊन पलीकडच्या खोलीत, कूलरच्या आवाजात तुम्हाला दार वाजवलेलं पण ऐकू येणार नाही.

आमच्याकडे मुलगी दोन वर्षांची असताना हेच झालं होतं. आम्ही सुताराकडून अर्धा दरवाजा करून घेतला, बेडरूमच्या चौकटीतच. मोठं दार उघडंच ठेवायचं आणि रात्री फक्त हा अर्धा लावायचा. तुम्ही कूलरचं लिहिलं म्हणून मुद्दाम सांगते, कूलरला हवा बाहेर निघायला वाट लागते, तो बाहेरची हवा आत ढकलतो, ती निघाली नाही की दमटपणा साचतो आणि मग कूलर चालू असूनही घाम येतो. म्हणजे नवतपा, ते मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागल्यावर दार बंद करून झोपणं तसंही जमणार नाही. अर्ध्या दाराने हवा पण खेळते आणि पोरगं पण आतच राहतं.

करून घेताना एवढं बघा. उंची तीन फूट तरी हवी, अडीच फुटाचं असलं तर पोरं वर्षभरात पाय टाकून चढतात. आडव्या पट्ट्या अजिबात नको, ती शिडीच होते, उभ्याच घ्या, आणि दोन पट्ट्यांमध्ये साडेतीन इंचांपेक्षा जास्त फट नको, नाहीतर डोकं अडकतं. कडी बाहेरच्या बाजूने पण वरच्या कडेजवळ, म्हणजे आजींनी आतून उभं राहून नुसता हात पलीकडे टाकला की एका हाताने निघाली पाहिजे. हे आजींकडून दिवसा दोन-चारदा अंधार करून करवून घ्या. आमच्या सासूबाईंना पहिल्या दिवशी जमलंच नव्हतं, मग कडी बदलली. इतवारीत लोहाओळीकडे गेलात तर कड्यांचे शंभर प्रकार मिळतात.

रेडिमेड गेट पण मिळतं ऑनलाइन. दोन प्रकार असतात, एक नुसतं दाबून बसणारं आणि एक स्क्रूने भिंतीत बसणारं. बेडरूमच्या दाराला दाबून बसणारं चालून जाईल, पण जिन्याच्या वरच्या तोंडाशी ते चुकूनही लावू नका, पोराने अंग टाकलं की सुटतं. तिथे स्क्रूचंच.

वायरिंगवाला_दादा

ताई बाकीचं नंतर, आधी कूलर. मी वीस वर्षांपासून वायरिंगचं काम करतो, दर उन्हाळ्यात कूलरच्या करंटची एक तरी बातमी आपल्या भागात वाचायला मिळतेच. लोखंडी बॉडी, आत पाणी, त्यात बुडालेला पंप, पंपाची वायर जुनी झाली की करंट सरळ पाण्यात आणि बॉडीत उतरतो. मोठ्या माणसाला चप्पल असते, लेकरू अनवाणी ओल्या फरशीवर बसून असते.

घरात बोर्डावर एमसीबीचा स्विच आहे म्हणून निश्चिंत राहू नका, तो लोड वाढला किंवा शॉर्ट झालं तर पडतो, माणसाला झटका बसला म्हणून पडत नाही. त्याच्यासाठी आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच लागतो, ३० मिलीअँपिअरचा. तो नसेल तर याच आठवड्यात बसवून घ्या. असेल तर त्याच्यावर टेस्टचं बटन असतं, ते महिन्यातून एकदा दाबून पाहा, दाबल्यावर पडला पाहिजे, नाही पडला तर तो नावालाच आहे. आणि कूलरचा प्लग तीन पिनचा हवा, अर्थिंग चालू आहे का हे लाइनमनकडून तपासून घ्या, जुन्या घरांमध्ये तिसऱ्या पिनला आत वायरच जोडलेली नसते, मी स्वतः कितीदा पाहिलं.

जमलं तर हॉलसाठी फायबर बॉडीचा कूलर घ्या. नाही जमलं तर ट्रॉली पूर्ण बाल्कनीत सरकवा आणि मध्ये जाळीचं दार लावा. पाणी भरताना बटन नाही, प्लग काढायचा. ताटीच्या खालच्या फटीला जाळी मारून घ्या, शंभर-दीडशेचं काम आहे. आणि टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून पुसा, डेंगूचे मच्छर त्याच पाण्यात होतात.

सक्करदरा_आबा

आमच्या तिन्ही पोरांना आम्ही बाहेरून कडी लावूनच झोपवलं, काही झालं नाही. आजकाल प्रत्येक गोष्टीची भीती.

वॉर्ड_सिस्टर

आबा, तुमच्याकडे काही झालं नाही हे चांगलंच झालं, पण मी लहान मुलांच्या वॉर्डात काम करते आणि ज्यांच्याकडे झालं ते लोक आमच्याकडे येतात, म्हणून मला राहवत नाही.

ताई, कडी लावा नाहीतर गेट लावा, एक गोष्ट दोन्हीत राहतेच. मूल त्या खोलीत रात्री एकटं जागं असणार आणि आजी झोपलेल्या. म्हणजे ती खोलीच अशी पाहिजे की त्याने अर्धा तास काहीही केलं तरी त्याला लागणार नाही. आज दुपारी खोलीचं दार लावून तुम्ही स्वतः जमिनीवर बसा, त्याच्या उंचीवरून पाहा काय काय हाताला येतं. खरंच बसा, उभ्याने नाही दिसत.

तुमच्या पोस्टमध्ये मला सगळ्यात आधी टोचलं ते कानाचं मशीन. त्याचा सेल बटनासारखा असतो, आणि सुटे सेल बहुतेक उशाशीच पडलेले असतात. तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून जळायला सुरुवात होते. पोर फक्त लाळ गाळतं, खात नाही, आणि घरच्यांना वाटतं घसा दुखत असेल. मशीन आणि सेलची डबी कपाटात वर, कुलपात. रिमोट, वजनकाटा, लाइटवाली खेळणी यांचे पण झाकण स्क्रूने बंद होणारे आहेत ना ते पाहा. कधी संशय जरी आला की सेल गिळला, तर वाट न पाहता सरळ दवाखान्यात, एक्सरेत लगेच दिसतो. आजींच्या बीपीच्या गोळ्या पण तिथेच असतील तर त्याही उचला, मोठ्या माणसाची एक गोळी एवढ्याशा पोराला खूप होते.

मग कपाट. गोदरेजसारखं जड कपाट असेल किंवा ड्रॉवरचं असेल, ते वरून भिंतीला पट्टी मारून पक्कं करा. पोरं ड्रॉवर उघडून पायरीसारखं चढतात आणि सगळं अंगावर घेतात. पलंग खिडकीजवळ असेल तर सरकवा. मच्छरजाळी म्हणजे अडथळा नव्हे, पोराने डोकं टेकवलं तर निघून येते, खिडकीला ग्रिल पाहिजेच. त्याची गादी सरळ जमिनीवर घातलीत तर पडण्याचा प्रश्नच मिटतो. मच्छरचं लिक्विडचं मशीन खालच्या सॉकेटमध्ये असेल तर वरच्यात लावा, डांबराच्या गोळ्या कपाटातून काढाच.

आणि दाराची आतली कडी! ही बहुतेक सगळे विसरतात. अडीच वर्षांचं मूल स्टूल ओढून आतून कडी लावतं आणि मग ती काढता येत नाही, आत पोर रडतंय आणि बाहेर सगळे दार ठोकतायत. खालची असेल तर काढूनच टाका, वरची ठेवा.

बाथरूमला मात्र बाहेरून वर कडी हवी, तिथे लावा बिनधास्त. रात्री बादल्या रिकाम्या, कारण एवढी मुलं डोक्याकडून जड असतात, बादलीत वाकली की स्वतःहून वर येता येत नाही, आणि चार बोटं पाणीसुद्धा पुरतं. मेन दाराला पण एकदम वर टॉवर बोल्ट, जिना आहे ना तुमच्याकडे.

एक विचारायचं राहिलं, तो घोरतो का, तोंड उघडं ठेवून झोपतो का? रात्रभर पाय झाडत झोपतो का? असं असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा, कधी टॉन्सिल-अॅडेनॉइड वाढलेले असतात, कधी लोह कमी असतं, आणि झोप त्याच्यामुळे मोडते.

महालची_आजी

बाळा, सगळ्यांनी दाराचं सांगितलं, मी लेकराचं सांगते. त्याला एक महिन्याआधी तुझ्या कुशीतून काढलं आणि तिथे दुसरं बाळ आलं. तो घर फिरायला उठत नाही, तुला शोधायला उठतो. तुझ्या खोलीचं दार लागलेलं दिसत असेल म्हणून हॉलमध्ये बसत असेल. आमच्या मोठ्या नातवाचं हेच होतं, एकदा रात्री दार उघडलं तर उशी छातीशी धरून उंबऱ्याशी उभा, कधीपासून उभा होता देव जाणे, दार वाजवलं पण नव्हतं.

दिवसा अर्धा तास लहानीला आजीकडे देऊन फक्त त्याच्यापाशी बस. झोपवायला तूच जा, लहानी रडली तर रडू दे पाच मिनिटं. रात्री उठला तर रागावू नको, गप्पा पण नको, लाइट पण लावू नको, हात धरून परत ने, दरवेळी एकच वाक्य म्हण, आई इथेच आहे आता झोप. पहिले चार दिवस दहादा उठेल. तरी तेच वाक्य. दुपारी पाच वाजेपर्यंत झोपू देऊ नको, उन्हाळ्यात सगळ्यांच्याच दुपारी लांबतात, मग रात्री ताजातवाना होतो.

आणि आजीला ऐकू येत नाही तर तुला ऐकू आलं पाहिजे ना. तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल असेल घरात, त्याच्या गळ्यातली घुंगरमाळ काढ आणि त्या अर्ध्या दाराला बांध, वर, त्याच्या हाताला लागणार नाही अशी. दार हललं की तुला कळेल.

मनीषनगरची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. बारा दिवस झाले, सांगायला आले.

दादा, लाइनमन आला तेव्हा कळलं की हॉलच्या त्या सॉकेटला अर्थिंगच नव्हतं. ऐकून मिस्टर खुर्चीत बसले ते बराच वेळ उठले नाहीत. आरसीसीबी बसला, फटीला जाळी लागली, ट्रॉली बाल्कनीत गेली.

सिस्टर, तुम्ही सांगितलं तसं खाली बसून पाहिलं. पलंगाखाली सासूबाईंचा एक जुना सेल सापडला, चमकत होता. मी तो मुठीत धरून तशीच बसून राहिले. सासूबाईंना दाखवला तर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, कडीचा विषय त्यांनीच बंद केला. आता डबी कपाटात वर असते, आतली कडी काढली. घोरत नाही, पण पाय खूप झाडतो, शनिवारी डॉक्टरांकडे नेणार आहे.

अर्धा दरवाजा आठव्या दिवशी लागला. सासूबाईंना कडी दुसऱ्याच प्रयत्नात जमली. आजी, तुमची घुंगरमाळ पण बांधली. पहिल्या रात्री तीनदा वाजली. तुम्ही म्हणालात तसंच, मी गेले तर दाराला धरून उभा होता, मला पाहून काहीच बोलला नाही, नुसते हात वर केले. परत गादीवर नेऊन तेच वाक्य म्हटलं. काल एकदाच वाजली, पावणेतीनला, आणि मी पोचेपर्यंत स्वतःच परत जाऊन आजीच्या पायाशी आडवा झाला होता.

सुताराचा नंबर इथे उघडा टाकत नाही, मनीषनगर-बेसाकडच्या कोणाला हवा असेल तर मेसेज करा.