शब्दचर्चा : गव्हर्नरपदाच्या ‘प्रायमरी’विषयी मराठीत कसे लिहावे?

प्रश्न : अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातील २०२५ च्या निवडणुकीसंबंधी लिहिताना ‘राज्यपालपदाची प्राथमिक निवडणूक’, ‘पक्षांतर्गत निवडणूक’ आणि ‘बहुमताने विजयी’ यांपैकी कोणते शब्दप्रयोग योग्य ठरतील? एकाच उमेदवारीसाठी पाच-सहा जण उभे असतील, तर निकाल कोणत्या शब्दांत सांगावा? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : या तिन्हींत ‘बहुमताने विजयी’ हा प्रयोग वाचकाची सर्वाधिक दिशाभूल करतो, म्हणून आधी त्याचा विचार करू. १० जून २०२५ रोजी झालेल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा गव्हर्नरपदाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, सहा जण रिंगणात होते : प्रतिनिधिगृहाचे सदस्य मिकी शेरिल आणि जॉश गॉटहायमर, नेवार्कचे महापौर रास बराका, जर्सी सिटीचे महापौर स्टीव्हन फुलॉप, शिक्षक संघटनेचे अध्यक्ष शॉन स्पिलर आणि राज्याच्या सेनेटचे माजी अध्यक्ष स्टीव्ह स्वीनी. शेरिल यांना सुमारे ३४ टक्के मते मिळाली आणि तेवढ्यावर पक्षाची उमेदवारी त्यांच्याकडे गेली, कारण तेथे ज्याला सर्वांत जास्त मते तो विजयी, असा नियम आहे. दर तीन मतदारांपैकी जवळजवळ दोघांनी अन्य कोणाला तरी मत दिले असताना त्याला बहुमत म्हणता येत नाही. बहुमत म्हणजे निम्म्याहून अधिक. २८८ जागांच्या विधानसभेत १४५ चा आकडा आपण ज्या अर्थाने मोजतो, तोच अर्थ येथेही पाळला पाहिजे. ‘सर्वाधिक मते मिळवून विजयी’ असे लिहिले की काम भागते. ‘मताधिक्य’ हा शब्दही जपून वापरावा, कारण त्यातून पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकांतील अंतर कळते, एकूण मतांतील वाटा कळत नाही.

आता ‘प्राथमिक’. नाट्यस्पर्धेच्या ‘प्राथमिक फेरी’मुळे हा शब्द आपल्या कानाला सरावाचा झाला आहे, पण त्या फेरीतले संघ पुढे त्याच स्पर्धेत एकमेकांशी भिडतात. न्यू जर्सीत तसे होत नाही. तेथे प्रत्येक पक्ष आपला एकच उमेदवार ठरवतो आणि बाकीचे त्या पक्षाच्या शर्यतीतून बाहेर पडतात. कॅलिफोर्नियाला मात्र ‘प्राथमिक फेरी’ हा शब्द नेमका लागू पडतो. २०१८ मध्ये तेथे गव्हर्नरपदासाठी सर्व पक्षांचे मिळून २७ उमेदवार एकाच मतपत्रिकेवर होते आणि पक्ष कोणताही असो, पहिले दोन, म्हणजे गॅविन न्यूसम आणि जॉन कॉक्स, नोव्हेंबरच्या लढतीस पात्र ठरले.

‘पक्षांतर्गत निवडणूक’ या शब्दावरही माझा आक्षेप आहे. हा शब्द वाचताच आपल्या डोळ्यांसमोर पक्षाध्यक्षपदाची निवडणूक, तिचे प्रतिनिधी आणि पक्षकार्यालयातील मतपेटी उभी राहते. प्रायमरी मात्र सरकारी यंत्रणा घेते, नेहमीच्या मतदान केंद्रांवर घेते आणि त्यात सर्वसामान्य नोंदणीकृत मतदार मत देतो. न्यू जर्सीत तर कोणत्याही पक्षाशी नाव न जोडलेला मतदार त्या दिवशी केंद्रावर पक्ष सांगून मतदान करू शकतो. एडिसन परिसरात कितीतरी मराठी कुटुंबे राहतात; त्यांपैकी नागरिकत्व मिळालेल्या एखाद्या मतदाराने केवळ ‘पक्षांतर्गत’ या शब्दामुळे हे मतदान आपले नव्हे असे समजावे, ही शब्दाने केलेली हानी आहे. म्हणून पहिल्या उल्लेखात ‘प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक’ असे लिहावे आणि पुढे ‘उमेदवारीची निवडणूक’ किंवा नुसते ‘प्रायमरी’ असे म्हणावे.

‘राज्यपाल’ हा शब्द तर टाळावाच. आपल्याकडे राज्यपालांची नियुक्ती राष्ट्रपती करतात. अमेरिकेतील गव्हर्नर लोकांनी निवडून दिलेला कार्यकारी प्रमुख असतो, विधेयकावर नकाराधिकार वापरतो, आणि न्यू जर्सीत तर विधिमंडळाने मंजूर केलेल्या खर्चातील एखादी बाब तेवढीच खोडूही शकतो. अधिकारांच्या दृष्टीने तो मुख्यमंत्र्याच्या अधिक जवळचा असला, तरी विधिमंडळाच्या विश्वासावर त्याचे पद अवलंबून नसते, त्यामुळे ‘मुख्यमंत्री’ही चालणार नाही. ‘गव्हर्नर’ हा शब्द इंग्रजी अमदानीपासून मराठीत रुळलेला आहे, तोच ठेवावा.

एका पदासाठी अनेकजण उभे राहण्याला ‘भाऊगर्दी’ म्हणण्यास हरकत नाही. या शब्दाचा संबंध पानिपतावरील सदाशिवरावभाऊंच्या वेळच्या धुमाळीशी जोडला जातो, पण आज तो इच्छुकांच्या गर्दीसाठी सर्रास वापरला जातो. त्यात किंचित नाराजीचा सूर असतो, म्हणून तटस्थ वृत्तांतात ‘बहुरंगी लढत’ अधिक बरे.

पूरक शंका : काही राज्यांत निम्मी मते कोणालाच न मिळाल्यास पुन्हा मतदान होते. त्याला ‘फेरमतदान’ म्हणावे काय?

उत्तर : नाही. एखाद्या केंद्रावरील मतदान यंत्रातील बिघाडामुळे किंवा गैरप्रकारामुळे रद्द होऊन तेथे पुन्हा घेतले जाते, ते फेरमतदान. जॉर्जियात २०१८ च्या रिपब्लिकन प्रायमरीत पाच उमेदवार होते. केसी केगल यांना ३९ टक्के आणि ब्रायन केम्प यांना सुमारे २६ टक्के मते मिळाली. निम्मी मते कोणालाच न मिळाल्याने या दोघांतच जुलैमध्ये पुन्हा लढत झाली आणि केम्प यांनी सुमारे ६९ टक्के मतांनी बाजी मारली. आधीचे मतदान येथे वैध होते, म्हणून ही ‘दुसरी फेरी’ होय.

मेन राज्याने त्याच वर्षी, म्हणजे २०१८ मध्ये, वेगळा मार्ग धरला. डेमोक्रॅटिक मतपत्रिकेवरील सात नावांना मतदारांनी पसंतीक्रम दिले, शेवटच्या क्रमांकाचे उमेदवार बाद होत गेले, त्यांची मते पुढील पसंतीनुसार वाटली गेली आणि जॅनेट मिल्स यांनी निम्म्याचा टप्पा ओलांडला. यासाठी नवे शब्द घडवण्याची मुळीच गरज नाही. विधान परिषदेच्या पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांच्या मतमोजणीत ‘पहिल्या पसंतीची मते’, ‘बाद उमेदवार’ आणि ‘दुसऱ्या पसंतीची मते’ हे शब्द आपण वर्षानुवर्षे ऐकतो, आणि मिल्स यांच्याबाबतीत ‘बहुमत’ हा शब्दही त्या अंतिम मोजणीपुरता योग्य ठरतो.