मदत हवी आहे: आयर्लंडच्या सॉफ्टवेअर उद्योगाची आकडेवारी

नमस्कार मंडळी, मी सांगलीत एमबीए करतोय. छोट्या देशाने परदेशी गुंतवणूक आणून सॉफ्टवेअर उद्योग कसा वाढवला, यावर सोमवारी सेमिनार आहे. विषय हौसेनं मीच घेतला, आता निस्तरतोय.

आयर्लंड निवडलंय. १९४९ पासून तिथली आयडीए ही सरकारी संस्था गुंतवणूक आणायचं काम करते. १९८० मध्ये ॲपल कॉर्कला आली, १९८५ मध्ये मायक्रोसॉफ्ट डब्लिनला. इंग्रजी बोलणारी शिकलेली पोरं, १९७३ पासून युरोपची बाजारपेठ खुली आणि २००३ मध्ये १२.५ टक्क्यांवर आणलेला कंपनी कर. इथवर जमलं.

गाडी अडलीय पुढे. २०१५ मध्ये त्यांचा जीडीपी एका वर्षात २५ टक्क्यांच्या आसपास फुगला. मोठं कारण म्हणजे बड्या कंपन्यांनी आपली बौद्धिक संपदा (पेटंट, सॉफ्टवेअरचे हक्क वगैरे) कागदोपत्री तिथं हलवली. सर हमखास विचारणार, "मग तिथल्या पोरांच्या हाती काय लागलं?" रास्त आहे. आमच्या गल्लीतली निम्मी पोरं रविवारी रात्री पाठीला सॅक आणि हातात आईनं दिलेला डबा घेऊन पुण्याच्या ट्रॅव्हल्समध्ये बसतात, त्यामुळे प्रश्न मलाही छळतोय.

तर स्थानिक आयरिश आणि परदेशी कंपन्यांच्या नोकऱ्या, निर्यात वेगवेगळी दाखवणारे आकडे कुठे मिळतील? तुलनेला एस्टोनिया घेऊ का? लोकसंख्या सांगली जिल्ह्याच्या निम्मीही नाही, तरी स्काईप तिथं घडलं.

डब्लिन किंवा एस्टोनियातल्या टॅलिनला काम केलेले कुणी दादा-ताई असतील तर दहा मिनिटं फोनवर बोलाल का? रात्री उशिरा चालेल, मी जागाच असतो.