अमेरिकेत गव्हर्नरला उभ्या राहिलेल्या अनोळखी माणसाला चान्स असतो का?

सिडकोकर: माझी मावसबहीण मिनेसोटात असते, तिच्या ओळखीतला एक माणूस गव्हर्नरला उभा राहतोय, ना मोठा पक्ष ना पैसा, आणि ही कडाक्याच्या थंडीत दारोदार पत्रकं वाटतेय, मला इथे नाशकात बसून जीव तुटतो तिच्यासाठी. आपल्याकडे राज्यपाल राष्ट्रपती नेमतात, तिकडे कसं असतं?

पंचवटीकर: तिकडचा गव्हर्नर म्हणजे आपला मुख्यमंत्रीच धरा, पण लोक थेट निवडतात. आणि मिनेसोटातच 1998 ला जेसी व्हेंचुरा, आधीचा पैलवान, छोट्या रिफॉर्म पार्टीकडून 37 टक्के मतांवर आला, दोन्ही मोठे पक्ष पडले! तिथे मतदानाच्या दिवशीच नावनोंदणी होते, त्यामुळे नवी पोरं ऐनवेळी आली.

मेनरोडवाली: असं क्वचितच होतं हो दादा. 2003 ला कॅलिफोर्नियात 135 उमेदवार होते, बहुतेकांची नावंही कुणाला आठवणार नाहीत. मी पण एका अपक्षासाठी भर उन्हात फिरलेय, एका आजींनी ओट्यावर बसवून पाणी दिलं, चष्मा लावून अख्खं पत्रक वाचलं. डिपॉझिट गेलं आमचं, पण परत बोलावलं तर मी जाईन. ताईंना सांगा, पत्रकावर त्या नावनोंदणीचं मोठ्या अक्षरात टाका.