‘लेनी’मध्ये कात्री जास्त चालली का?

कृष्णधवल: दिग्दर्शक बॉब फॉसीचा ‘लेनी’ (1974), म्हणजे अमेरिकन स्टँडअप विनोदवीर लेनी ब्रूस आणि त्याची बायको हनी यांचा चरित्रपट. माझ्या मते फॉसीने लेनीचा विनोदच मारला. स्टँडअपमध्ये पंच बसतो तो आधीच्या बांधणीवर. इथे बांधणी चालू असतानाच संकलक अ‍ॅलन हाइम आपल्याला हनीच्या मुलाखतीत नेतो, तिथून घरात, मग परत क्लबात. हसू ओठांवर येतं आणि दृश्य बदलतं. लेनी मोठा का होता, हे नवख्या प्रेक्षकाला कळणार कसं?

तिसरी घंटा: अजिबात पटत नाही. शेवटाकडचा रेनकोटमधला प्रयोग आठवा. नशेत धड उभं राहवत नाही, वाक्यं अर्ध्यात तुटतात. तिथे कॅमेरा लांब, उंचावर आणि स्थिर. एकच टेक. रंगात असताना कात्री, कोसळताना कात्री बंद! आधीची कापाकापी नसती तर तो शॉट इतका अंगावर आलाच नसता.

कृष्णधवल: शॉट जबरदस्तच आहे. पण त्यामुळे इतका वेळ सलग ऐकू येतो तो फक्त पडलेला लेनी. आधी एक तरी प्रयोग अख्खा द्यायला हवा होता.

पडद्यामागून: हनी राहिलीच की! सिनेमा सुरू होतो तो तिच्या ओठांच्या क्लोजअपवर. हनी झालेली व्हॅलरी पेरीन उत्तराआधी जी थांबते, त्यात अख्खा संसार दिसतो; 1975 मध्ये कान चित्रपट महोत्सवात तिला अभिनेत्रीचं पारितोषिक मिळालं ते उगाच नाही. माझी तक्रार वेगळी आहे. मुलाखती कोणाच्या? हनी, लेनीची आई, त्याचा एजंट. सगळी घरचीच माणसं. न्यूयॉर्कच्या अश्लीलतेच्या खटल्यात लेनीबरोबर क्लबमालकही दोषी ठरला होता, त्याची बाजू कुठे आहे?

तिसरी घंटा: खटल्याचं निघालंच आहे तर ऐका. 1964 मध्ये कोर्टात त्याचे विनोद सांगितले ते परवाना खात्याच्या निरीक्षकाने, स्वतःच्या टिपणांवरून. लय गेली, संदर्भ गेला, उरले ते अश्लील शब्द. मला माझा प्रयोग करू द्या, ही लेनीची विनवणी पडद्यावरही आहे. शिक्षा चार महिन्यांची झाली, अपील चालू असतानाच 3 ऑगस्ट 1966 ला तो गेला. माफी मिळाली थेट 2003 मध्ये! तुकड्यातुकड्यांनी ऐकला गेलेला माणूस तुकड्यांतच दाखवणं मला योग्य वाटतं.

कृष्णधवल: उलट त्याचमुळे मला राग येतो. अख्खा प्रयोग ऐका, एवढंच तो न्यायाधीशांकडे मागत होता. कोर्टाने ऐकला नाही. फॉसीच्या हातात दोन तास होते, त्याने तरी ऐकवायचा.