टीजीए: बाळ स्थिर असताना आर्टेरियल स्विचची घाई का?

प्रश्न
टीजीए (महाधमनी आणि फुफ्फुसधमनी यांची जागा अदलाबदल झालेला जन्मजात हृदयदोष), दोन जवनिकांमधला (हृदयाच्या खालच्या कप्प्यांमधला) पडदा अखंड. बलून सेप्टोस्टॉमीनंतर (फुग्याने वरच्या कप्प्यांमधलं छिद्र मोठं केल्यावर) सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, 75 ते 80 टक्के, लॅक्टेट (ऑक्सिजन कमी पडल्याची खूण) नॉर्मल. अशा बाळाचं वजन वाढेपर्यंत आर्टेरियल स्विचसाठी (दोन्ही धमन्या योग्य जवनिकेवर बसवण्याची शस्त्रक्रिया) महिनाभर थांबलं तर काय बिघडतं? आणि त्यात कोरोनरी (हृदयाच्या स्नायूला रक्त देणाऱ्या धमन्या) हलवताना नेमकं काय चुकतं?

उत्तर 1
सॅच्युरेशनवर जाऊ नका, डाव्या जवनिकेकडे बघा. टीजीएत ती फुफ्फुसांना रक्त पुरवते. जन्मानंतर फुफ्फुसांतला दाब उतरतो, तिचं काम हलकं होतं आणि स्नायू पातळ पडत जातो. स्विच झाल्या क्षणी मात्र तिला अख्ख्या शरीराचा दाब पेलायचा असतो. म्हणून शस्त्रक्रिया पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच. एकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) पडदा डावीकडे झुकलेला दिसला तर उशीर होतोय असं धरा, ईक्मोची (हृदय-फुफ्फुसांचं काम तात्पुरतं करणाऱ्या यंत्राची) तयारी ठेवा. मोठा व्हीएसडी (जवनिकांमधल्या पडद्यातलं छिद्र) असेल तर दाब टिकून राहतो, थोडी सवड मिळते.

प्रोस्टाग्लँडिन (डक्ट, म्हणजे महाधमनी आणि फुफ्फुसधमनी जोडणारी नळी, उघडी ठेवणारं औषध) चालू असेल तर डक्ट उघडल्यावर डोस 0.01 मायक्रोग्रॅम/किलो/मिनिटपर्यंत उतरवा. श्वास थांबू शकतो, श्वासनलिकेत घालायची ट्यूब हाताशी हवी.

उत्तर 2
कोरोनरीबद्दल. प्रत्येक कोरोनरी महाधमनीच्या भिंतीच्या बटणासकट काढतात, सुरुवातीचे काही मिलिमीटर मोकळे करतात आणि नव्या महाधमनीच्या मुळावर शिवतात. फसगत इथेच होते: हृदय रिकामं असताना अचूक वाटलेली जागा ते भरल्यावर सरकते, मग कोरोनरी ताणली जाते किंवा मुडपते. सर्कमफ्लेक्स (एरवी डाव्या कोरोनरीची असणारी फांदी) उजव्या कोरोनरीतून निघून फुफ्फुसधमनीच्या मागून जात असेल तर बटण जरा वर बसवावं लागतं. सगळ्यांत अवघड इंट्राम्युरल कोरोनरी, कारण ती महाधमनीच्या भिंतीच्या आतूनच धावते आणि बटण कापतानाच चिरली जाऊ शकते.

महाधमनीचा क्लॅम्प (चिमटा) काढल्यावर ईसीजीतला एसटी भाग बदलला, हृदयाचा स्नायू काळवंडला, डावं अलिंद (वरचा कप्पा) फुगलं, तर दोष कोरोनरीचाच समजा. कोरोनरीत हवेचा बुडबुडा असेल तर परफ्युजनचा (रक्तपुरवठ्याचा) दाब वाढवून काही मिनिटांत सुधारतं. नाही सुधारलं तर बटण पुन्हा बसवा. इनोट्रोप (हृदयाचं आकुंचन वाढवणारी औषधं) वाढवत वेळ घालवणं ही घातक चूक आहे.

उत्तर 3
आयसीयूतही तेच भान हवं. द्रव एकदम देऊ नका, 2 ते 5 मिली/किलो, डाव्या अलिंदाचा दाब पाहत. जवनिका फुगली की कोरोनरी ताणतात. छाती घट्ट वाटली तर उरोस्थी (छातीचं मधलं हाड) एक-दोन दिवस उघडी ठेवा. पुढच्या तपासण्यांत फुफ्फुसधमनीच्या फांद्या आवर्जून बघा. आर्टेरियल स्विचमधल्या लकॉम्प्ट पद्धतीत त्या महाधमनीच्या पुढे ओढलेल्या असतात आणि तिथेच अरुंदपणा येतो.